समुद्राचा वसूल

आख्ख्या आदिलाबाद जिल्ह्यात समुद्राची काळजी करणारा माणूस एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा सख्खा मामा आहे. इचोड्याहून निघालेल्या माणसाला समुद्रापर्यंत पोचायला एक दिवस, एक रात्र आणि दोन वेळची शिदोरी लागते. आमच्याकडची माणसं पावसाची काळजी करतात, कापसाच्या भावाची करतात, आणि नागपूर-हैदराबाद रस्त्यावरच्या ट्रकांची काळजी तर रस्ता ओलांडणाऱ्या प्रत्येकाला करावीच लागते. मामा या सगळ्या काळज्या करून वर पूर्वेकडच्या समुद्राच्या तळाशी सापडलेल्या गॅसची काळजी करायचे. तो गॅस किती निघाला, कंपनीला नफा किती झाला, त्यावर सरकारला कर किती मिळाला आणि तो कुठपर्यंत पोचला, या चिंतेने ते वाळत चालले होते. स्वतः समुद्र त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

मामा महसूल खात्यात गिरदावर होते. गावोगाव फिरून पिकांची पाहणी करायची, पटवाऱ्यांची दप्तरं तपासायची आणि तहसीलला कळवायचं, हे गिरदावराचं काम. नोकरी संपली तरी ते काम त्यांच्या अंगातून गेलं नाही. कुठल्याही घरात शिरले की आधी पावलं टाकून खोली मोजणार आणि मगच टेकणार. मला पाहायला आले तेव्हा त्यांनी शिक्षण विचारलं नाही, कमाई विचारली नाही, आमच्या घराची चतुःसीमा विचारली. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, उत्तरेला नाला आहे तर तो पावसाळ्यात किती सरकतो. मी अडखळलो. "पोराले आपल्या हद्दी ठाऊक नाहीत," असं माझ्या होणाऱ्या सासूबाईंना त्यांनी माझ्यादेखतच सांगितलं. मग बाहेर जाऊन स्वतः पावलांनी हद्द काढून आले आणि ती कागदाबरहुकूम भरली म्हणून लग्नाला हरकत नसल्याचं जाहीर केलं. त्यांच्या तोंडी "हो" किंवा "बरं" असे शब्दच नव्हते. जेवायला चला म्हटलं तरी ते म्हणत, "नोंद घेतली."

काळजी हा त्यांचा मूळ स्वभाव. दहाची बस पकडायला ते आठ वाजता फाट्यावर येऊन उभे राहत, आणि आठाची बस आली तर ती आपली नव्हे म्हणून सोडून देत. प्रत्येक कागदाच्या चार प्रती काढून चार वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवत, म्हणजे एक भिजली, एक हरवली आणि एक उंदराने खाल्ली तरी एक उरावी. माझं इचोड्याला रस्त्यालगत झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान आहे, त्यामुळे हे जावयाचं घर त्यांना फार सोयीचं पडलं. मामी गेल्यापासून तर बाजारहत्नूरच्या पुढे असलेल्या आपल्या लहानशा गावाहून ते जवळजवळ रोज यायचे. दुकानातलं भिंतीकडचं स्टूल त्यांचं. आल्या आल्या "जयभीम जवाईबापू" म्हणून बसायचे आणि गिऱ्हाइकांच्या अर्जात चुका काढायचे. गिऱ्हाइकं वैतागायची, मीही वैतागायचो, पण त्यांनी काढलेली चूक कधी चुकीची निघाली नाही.

हा समुद्र त्यांच्या मागे लागला तो शाळेमुळे. त्यांच्या गावात सरकारी मराठी शाळा आहे. एक खोली, एक व्हरांडा, दारात कडुनिंब. मामांचे वडील दुसऱ्याच्या शेतात सालदार होते आणि त्या घराण्यात हातात पाटी धरलेला पहिला माणूस म्हणजे मामा, तोही याच व्हरांड्यात. आता त्या शाळेत पोरं दहा-बारा, शिकवायला एकच बाई, आणि बाई उन्हाळ्यात निवृत्त होणार. नवा शिक्षक मिळाला नाही तर शाळा बंद होणार आणि पोरं कोसभर लांबच्या तेलुगू शाळेत जाणार, किंवा घरीच बसणार. मामांनी दिवाळीनंतर माझ्या दुकानातून अर्ज टाइप करून घेतला, चार प्रती काढल्या आणि बाजारहत्नूरच्या मंडल कार्यालयात, म्हणजे तालुक्याच्या कचेरीत, शाळांचं काम पाहणाऱ्या साहेबांपुढे जाऊन उभे राहिले.

साहेब तसे बरे होते, पण घाईत होते. सरकारकडे पैसा नाही, असं त्यांनी सांगितलं. सरकारकडे पैसा कुठून येतो, असं मामांनी विचारलं. साहेबांच्या टेबलावर पेपर पडला होता आणि त्यात समुद्रात नव्या ठिकाणी गॅस निघाल्याची बातमी होती. साहेबांनी त्यावर बोट ठेवलं आणि तेलुगूत म्हणाले, हा गॅस येऊ द्या, याच्यावरचा कर येऊ द्या, मग बघू. दुसरा कोणी असता तर नमस्कार करून निघाला असता. मामांनी खिशातला पेन काढून पुढे केला आणि हेच अर्जावर लिहून द्या म्हणाले. साहेब हसले, आणि हसत हसतच त्यांनी शेरा मारला: समुद्रातील गॅसचे उत्पन्न आल्यावर या पदाचा विचार केला जाईल. खाली सही, सहीखाली शिक्का. मामांनी त्याची आवक नोंदवहीत नोंद करवून घेतली, नंबर घेतला आणि माझ्या दुकानात येऊन आणखी चार प्रती काढल्या.

त्या दिवसापासून आमच्या दुकानात समुद्र शिरला. मामांना एका डोळ्याने धूसर दिसायचं आणि इंग्रजी सहीपुरतंच यायचं, म्हणून रोज सकाळी कॉम्प्युटरवर गॅसची बातमी शोधून त्यांना मराठीत सांगणं हे माझं काम झालं. महिनाभरात मामा त्या विषयात इतके तयार झाले की रस्त्यावरच्या ढाब्यात चहा प्यायला थांबलेल्या ट्रकवाल्यांना ते समजावून सांगू लागले. किनाऱ्यापासून लांब, खोल पाण्यातला गॅस दिल्लीचा. त्याची रॉयल्टी दिल्लीच्या पेटीत जाते ती तिथेच राहते. पण कंपनीला जो नफा होतो त्याच्यावरचा कर सगळ्या राज्यांत वाटतात, ज्यांना समुद्र आहे त्यांना आणि ज्यांना नाही त्यांनाही. म्हणजे राज्याची वाटणी झाली तेव्हा किनारा तिकडे शेजारच्या राज्यात गेला असला तरी आपला हिस्सा तिथे शाबूत आहे. काकिनाड्याकडून मिरची घेऊन आलेल्या एका ड्रायव्हरला त्यांनी हिंदीत विचारलं होतं की तिथल्या समुद्राला सर्व्हे नंबर काय आहे. त्याने समुद्राला नंबर नसतो म्हटल्यावर त्यांना दिवसभर चैन पडलं नाही. हद्दच कायम नाही त्या जागेची आकारणी कशी करतात, असं ते मला तीनदा विचारून गेले.

इंद्रवेल्लीला नात्यातल्या एका लग्नात तर त्यांनी कहर केला. नवऱ्या मुलाचा चुलतभाऊ हैदराबादला हिशेब तपासनीस होता. त्याला त्यांनी मंडपाच्या मागे गाठलं आणि जमिनीवर काडीने समुद्र, दिल्ली, हैदराबाद, आदिलाबाद आणि बाजारहत्नूर अशा पाच चौकटी आखून एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत पैसा जायला किती दिवस लागतात ते विचारलं. तो बिचारा जेवायचा राहिला होता. गॅस निघाला तरी कंपनी आधी आपला खर्च वसूल करते, नफा नंतर, कर त्याच्याही नंतर, याला वर्षं लागतात मामा, असं त्याने सांगून टाकलं. मी शेजारी उभा होतो. बाईंच्या निवृत्तीला चार महिने राहिले होते. मामा मात्र शांतपणे काडी टाकून उठले, हात धुतले आणि पंगतीत बसून दोनदा बुंदी मागून घेतली. धीराचा माणूस, असं मला वाटलं आणि भरून आलं.

खरं सांगायचं तर माझं चुकणं तिथेच सुरू झालं. मध्यंतरी पूर्व किनाऱ्यावर वादळ आलं, समुद्रातली कामं थांबली अशी बातमी होती. ती मी भीत भीत सांगितली. त्या दिवशी मामा दुकानातल्या स्टुलावर बसल्या बसल्या तासभर घोरले. मला वाटलं, काळजीने थकलेत. पुढे एका विहिरीतून अपेक्षेइतका गॅस निघत नसल्याचं वाचनात आलं, आणि ते सांगायची मला हिंमतच झाली नाही. ऐंशीला टेकलेला माणूस, एका कागदावर जीव टांगून बसलेला, त्याला रोज उठून निराश कशाला करायचं? मी खोटं बोलू लागलो. नवी विहीर लागली मामा. पाइपलाइन झाली मामा. गॅसचा भाव वाढला, आता कर भरपूर येईल. मी ज्या दिवशी असं काही सांगे त्या दिवशी मामांचा चेहरा पांढरा पडे आणि पुढ्यातले पोहे तसेच राहत. घरी बायको विचारी, मामा खात काऊन नाहीत? मी सांगे, आनंदाने पोट भरलंय. ती माझ्याकडे संशयाने बघे, पण मला माझ्या चांगुलपणाची इतकी खात्री होती की मी दुसऱ्या दिवशी आणखी एक विहीर खणी.

फाल्गुन संपेपर्यंत मामा निम्मे झाले. सदरा खांद्यावर लोंबू लागला. आणि एप्रिलात, बाईंचा शेवटचा आठवडा चालू असताना, एक दिवस खरोखरच बातमी आली: समुद्रातल्या त्या गॅसचं उत्पन्न दिल्लीच्या तिजोरीत जमा होऊ लागलं. खोटं बोलून बोलून मी इतका निर्ढावलो होतो की खरी बातमी सांगताना माझाच विश्वास बसेना. मी ओरडूनच सांगितलं. मामा स्टुलावरून उठले, परत बसले, पाणी मागितलं आणि म्हणाले, "आता फाईल काढतीन." मग छत्री उचलून फाट्याकडे चालू लागले. मी शटर अर्धं ओढून त्यांच्या मागे धावलो. मनात म्हटलं, चला, म्हातारबाबाच्या जन्माचं सार्थक झालं.

मंडल कार्यालयात जुने साहेब बदलून गेले होते. त्यांच्या जागी एक तरुण मॅडम आल्या होत्या आणि त्यांच्यापुढे नेमका पोरं कमी असलेल्या शाळांचा तक्ताच पडला होता. कारकुनाने आमचा अर्ज काढून दिला. मॅडमनी शेरा वाचला, पुन्हा वाचला, आणि कारकुनाला तेलुगूत म्हणाल्या की गॅसचं उत्पन्न आल्याचं मीही वाचलंय, म्हणजे अट पूर्ण झाली. विचार केला, पद देता येत नाही, असं लिहा आणि अर्ज निकाली काढा. कारकुनाने पेन उचललं. इतके दिवस ज्या गॅसची वाट पाहिली तो आला आणि त्यानेच शाळा बुडवली, असं काहीतरी माझ्या डोक्यात गरगरत होतं.

आणि मग मामा बोलले. मी त्यांना इतकं अस्खलित तेलुगू बोलताना कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी विचारलं, मॅडम, महसुलात आकारणी वेगळी, वसूल वेगळा आणि जमा वेगळी, हे तुमच्या खात्यात शिकवतात का? शेऱ्यात लिहिलंय, उत्पन्न आल्यावर. कुठे आल्यावर? दिल्लीत आलेलं म्हणजे बाजारहत्नूरात आलेलं होतं का? माझ्या काळात शेतकऱ्याने घरातून पैसे काढले म्हणून मी कधी वसूल लिहिला नाही. चलन इथल्या वहीत जमा झालं तरच लिहिला. या कार्यालयाच्या वहीत समुद्राचा एक रुपया जमा झाला असेल तर तेवढी नोंद दाखवा, मी अर्ज स्वतःच्या हाताने फाडतो. कारकून मॅडमकडे पाहू लागला. मॅडमनी वही मागवली, तीत अर्थातच समुद्र नव्हता. मग त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं, त्यांनी कारकुनाच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात स्वतः काहीतरी लिहिलं.

बाहेर आल्यावर मामा चिंचेखालच्या पारावर बसले आणि रुमालाने मान पुसू लागले. त्यांनी मला हळूहळू सगळं सांगितलं. शाळा बंद करायची तर तक्ता भरावा लागतो. त्यात शेवटचा रकाना असतो: या शाळेबद्दल कोणताही अर्ज प्रलंबित नाही. तिथे "नाही" लिहिता आलं नाही तर तक्ता पुढे सरकत नाही, शाळा त्या वर्षापुरती वाचते. मॅडमनी तिथे लिहिलं होतं, एक अर्ज प्रलंबित.

"म्हणजे तुमी गॅसची वाट पाहून राह्यले नव्हते?" मी विचारलं.

"वाट कोण पाहून राह्यलं, जवाईबापू? मी त भेऊन राह्यलो होतो. गॅस आला का अर्ज निकाली, अर्ज निकाली का शाळा गेली. सायबानं शेरा लिवला तवाच मी वळखलं. असे शेरे मी तीस वर्सं लिवले." त्यांनी रुमालाची घडी घातली. "एक म्हातारी होती, जमिनीच्या पट्ट्याच्या कागदासाठी दर हप्त्याले ये. पुसे, वरून आलं काय? मी म्हणो, येऊन राह्यलं. ते कधी आलंच नाही. म्हातारी बी नंतर यायची राहून गेली."

मी तिथेच कबूल करून टाकलं. मार्चमधली विहीर खोटी, पाइपलाइन खोटी, भाव वाढल्याचं खोटं. मामांनी बाजूची छत्री उचलली. मला वाटलं, आता छत्री बसते. "दोन महिने मले अन्न गोड लागलं नाही," ते म्हणाले, "आन तुमी चांगलं करून राह्यले होते." मग ते इतके हसले की पारावरचं कुत्रं उठून गेलं. त्या दिवशी त्यांनी माझ्या खर्चाने दोन प्लेट भजी खाल्ली.

शाळा जूनमध्ये उघडली. पद मिळालं नाही, पण बाई निवृत्त होऊनही शेअर ऑटोने जातात, पगाराशिवाय शिकवतात. त्यालाही आता दोन वर्षं होत आली. अर्ज अजून प्रलंबित आहे. दर उन्हाळ्यात तक्ता निघतो, आणि मी समुद्राच्या बातम्या वाचताना दुकानात गिऱ्हाइकावर खेकसतो. नव्या ठिकाणी गॅस लागल्याचं दिसलं की मी ती बातमी पटकन बंद करतो. देशाचं उत्पन्न वाढू नये असं वाटणारा मी एकटाच नागरिक असेन, आणि त्याची मला लाज वाटते, पण वाटतं खरं.

मामांना गेल्या पावसाळ्यात बायकोने आमच्याकडेच आणून ठेवलं. एकटं राहणं जमेना. चुलीवर भांडं ठेवून विसरायचे, बस कुठली ते विसरायचे. आता सकाळी मी त्यांना हाताला धरून दुकानात आणतो आणि स्टुलावर बसवतो. गिऱ्हाइकांच्या अर्जात ते आता चुका काढत नाहीत, आणि गिऱ्हाइकंच मला विचारतात की मामा गप्प का. पुष्कळ गोष्टी ते विसरून गेले. तक्ता विसरले, रकाना विसरले, मॅडमशी झालेला वाद विसरले. आपण कशाला भीत होतो तेही विसरले. छातीशी धरलेल्या पिशवीत शेऱ्याचा कागद मात्र आहे, आणि तो आता ते लिहिल्याप्रमाणे खरा मानतात. साहेबांनी लिहून दिलंय, गॅसचं उत्पन्न आलं की शिक्षक येणार. जो शेरा त्यांनी पहिल्या दिवशीच ओळखला होता, त्यावर आता त्यांचा भाबडा विश्वास बसला आहे. हे बघून मला जो त्रास होतो तो मी कुणाला सांगत नाही.

रोज दहाच्या सुमाराला ते माझी बाही ओढतात. डोळ्यांत पूर्वीची धास्ती नसते, नुसती आस असते.

"जवाईबापू, आला काय समुद्राचा वसूल? बाईचे गुडघे दुखतेत. नवे गुरुजी पाठवा म्हणा."

मी कॉम्प्युटरकडे बघतो. नाही म्हणावं तर त्यांचं तोंड उतरतं, आला म्हणावं तर ते उठून गुरुजींना आणायला निघतील. नोकरीच्या एवढ्या वर्षांत त्यांनी किती जणांना दिलं असेल ते उत्तर मग माझ्याच तोंडून येतं.

"येऊन राह्यला, मामा."

मामा समाधानाने मान हलवतात, पिशवी नीट मांडीवर ठेवतात आणि म्हणतात, "नोंद घेतली."